युसूफ, ती ओळ मी गाळली

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. कब्रस्तानातून बाहेर पडलो तेव्हा फाटकापाशी एका वर्तमानपत्राचा वार्ताहर उभा होता. तिशीतला, भला माणूस. कलकत्त्याच्या मोठ्या फुटबॉल क्लबात खेळलेला कुणी गेलाय आणि हे म्हातारे त्याचे जुने दोस्त, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं वही काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, की साहेबांनी एकूण गोल किती केले. मी म्हणालो, माझ्या माहितीत तीन, आणि त्यातला एक चुकून लागलेला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. मग मी सांगायला लागलो की हा माणूस मधल्या फळीत खेळायचा, मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. तोवर त्याची वही मिटली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्यात तुझं वय चुकलेलं होतं.

तुला याचं काही वाटलं नसतं. मला वाटलं. तुझ्यामाझ्यात हा फरक पहिल्यापासून होता, आणि जे बिघडलं ते त्यामुळंच बिघडलं. म्हणून लिहायला बसलोय.

मी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून आठवीला औरंगाबादला आलो आणि छावणी भागात तुमच्या घराची पुढची खोली वडिलांनी माझ्यासाठी भाड्यानं घेतली. तुझे अब्बा निजामाच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर त्यांची नोकरी गेली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते गेले. तुझ्या अम्मी, ज्यांना मी खाला म्हणायचो, लोकांचे कपडे शिवून घर चालवत होत्या. माझे वडील खोली बघायला आले तेव्हा त्यांच्या मनात धाकधूक होती. त्या वर्षांत आमच्या भागात दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं बरंच काही पाहिलं होतं. कुणी बोलत नव्हतं, पण विसरलंही नव्हतं. खालांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. वडील तो हातात धरून थोडा वेळ तसेच बसले, मग पाणी प्याले. जाताना मला म्हणाले, "बाई सरळ हाय. ऱ्हा इथं." त्यावर मी अकरा वर्षं राहिलो.

तू माझ्याहून वर्षानं लहान. हडकुळा, खांदे पुढं आलेले. मैदानावर बघून कुणी म्हणालं नसतं की हा खेळेल. मी बॅकला खेळायचो, तू माझ्या पुढं. त्यामुळं तुझा खेळ जगात सगळ्यात जास्त कुणी पाहिला असेल तर तो मी, आणि तोही पाठीमागून. चेंडू तुझ्याकडं यायच्या आधी तू मान वळवून दोनदा मागं बघायचास. एकदा मी विचारलं, तर म्हणालास, "बॉल आने के बाद देखा तो देर हो जाती."

जालन्याच्या संघाशी झालेली ती मॅच मला पेपरात आलेल्या सगळ्या मॅचेसपेक्षा जास्त आठवते. तू एक पास असा दिलास की तिथं कुणीच नव्हतं. आपला पुढचा खेळाडू चिडून म्हणाला, तिथं कोण होतं रे? तू शांतपणे म्हणालास, तुला असायला पाहिजे होतं. मध्यंतरात त्यानं तुला मारायचंच बाकी ठेवलं. नंतरच्या खेळात तू पुन्हा तसाच पास दिलास, आणि या खेपेला तो तिथं होता. गोल झाला. सगळ्यांनी त्याला उचलून घेतलं. तू चुना ओढलेल्या मधल्या रेषेवर उभा राहून बुटाची दोरी बांधत होतास. मी एकटा तुझ्याकडं बघत होतो. मला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला की हा पोरगा पुढं होऊन काही मागत का नाही.

हैदराबादला एका सरकारी खात्याच्या संघाची निवड होती, तिथं आपण दोघं गेलो. तुला घेतलं. मला नाही. तू त्या कोचला सांगितलंस की हा माझ्या मागं नसला तर मला खेळता येत नाही. तो म्हणाला, "सीख ले." मी एकटा गाडीत बसून परत आलो. खालांना सांगताना मी असं सांगितलं की कोचनं तुला बघताक्षणी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, असा खेळाडू दहा वर्षांत पाहिला नाही. कोच तसं काही म्हणाला नव्हता. त्यानं यादीत फक्त खूण केली होती. खाला खूश झाल्या, आणि मला माझं दुःख थोडं हलकं झाल्यासारखं वाटलं. तिथून मला ती सवय लागली.

हैदराबादहून तू कलकत्त्याला गेलास. तिथं फुटबॉल हा लोकांचा जीव की प्राण होता आणि खेळणं हीच तुझी नोकरी झाली. मी पोस्टात चिकटलो. तू मला वेड्यावाकड्या देवनागरीत पत्रं लिहायचास, ती अक्षरं तू माझ्याकडूनच शिकला होतास. पण पत्रात खेळाचं काही नसायचं. भात फार खातात, पाऊस फार, चिखलात बूट अडकतो, अम्मीला सांभाळ. खालांना खेळाचं ऐकायचं असायचं. मग मी वाचनालयात एक दिवस उशिरा येणारा मुंबईचा इंग्रजी पेपर बघायचो आणि घरी येऊन त्यांना वाचून दाखवल्यासारखं सांगायचो. पेपरात फक्त गोल करणाऱ्यांची नावं असायची. तुझं नाव महिनोन्‌महिने यायचं नाही. मी ते घालायला लागलो. आधी एखाद्या वाक्यात. युसूफनं छान पास दिला. मग दोन वाक्यांत. आणि एके दिवशी, खालांना ताप होता, त्या उठून भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या दिवशी मी तुझ्या नावावर एक गोल लावून टाकला. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळेस गोल जरा लांबून मारला.

ईदला तू घरी आलास आणि खालांनी तुला त्या गोलबद्दल विचारलं. तू त्यांच्यापुढं काही बोलला नाहीस. जेवण झाल्यावर मला म्हणालास, सायकल काढ. दौलताबादच्या रस्त्यानं आपण बरंच लांब गेलो. मग तू उतरलास. गंभीर बोलायचं असलं की तू मराठीत यायचास. "माझ्या आईला तू दुसऱ्या कुणाचा पोरगा दिलास," म्हणालास. मी म्हणालो, तिला तुझं नाव ऐकायचं असतं, पेपर छापत नाही तर मी काय करू? तू म्हणालास, तर सांग की छापत नाही.

हा आपला वाद पहिला आणि तोच शेवटचा. मधली सगळी वर्षं आपण हाच वाद घालत राहिलो, कधी सिनेमावरून, कधी नसीमभाभींशी तुझ्या निकाहावरून, कधी माझ्या बदलीवरून. माझं म्हणणं, माणसाला जगायला थोडं गोड लागतं. तुझं म्हणणं, ते गोड कुणी मागितलं होतं?

दुसऱ्या दिवशी तू खालांना चटईवर बसवलंस आणि हरभरे मांडून तुझा खेळ समजावला. हे आपले अकरा, हे त्यांचे अकरा, हा मी. इथून घेतो, इकडं देतो. खालांनी नीट बघितलं, आणि विचारलं, "हर बखत दुसरे को देता? फिर तेरे पास क्या रहता रे?" तू हसलास. इतका मोकळा हसताना मी तुला फार कमी वेळा पाहिलं. खाला हसल्या नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

आता ते सांगतो, जे आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी तू आलास तो लंगडत. गुडघा सुजून घट्ट झालेला. क्लबला तू कळू दिलं नव्हतंस. खिशात हिंदुस्थानच्या संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं होतं, तीन आठवड्यांनंतरचं. हाडांच्या डॉक्टरांकडं आपण गेलो. त्यांनी गुडघा दाबून, वळवून बघितला, एक्स-रे काढायला लावला आणि म्हणाले उद्या या. दुसऱ्या दिवशी तुला चालवत नव्हतं म्हणून मी एकटा गेलो. त्यांनी मला सांगितलं की आतली गादी फाटलीय, सहा महिने मैदानावर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर गुडघा कायमचा गेला समजा. इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. त्यात हेच लिहिलं होतं.

मी घरी आलो. तू खाटेवर पाय लांब करून बसला होतास. खाला दारात होत्या. शिबिराचं पत्र त्यांनी कोनाड्यात ठेवून त्यावर अत्तर लावलं होतं, खोलीभर वास होता. तू म्हणालास, वाच. तुझं शिक्षण उर्दूत झालेलं, इंग्रजी तुला दुकानाच्या पाट्यांपुरतं यायचं. मी वाचलं. शेक द्या, पट्टी बांधा, आठ-दहा दिवस आराम करा, जपून राहा. हे सगळं चिठ्ठीत होतं. पुढची एक ओळ होती, ती मी वाचली नाही.

युसूफ, त्यावर मी पन्नास वर्षं विचार केलाय. खालांसाठी केलं असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. तुझ्यासाठी केलं असंही सांगितलं. खरं असं आहे की मला ते शिबिर माझ्यासाठी हवं होतं. मी पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटं विकत होतो आणि मला कधीतरी म्हणायचं होतं की हिंदुस्थानकडून खेळतो तो युसूफ, त्याच्या मागं मी खेळायचो. हैदराबादला ज्यानं मला घेतलं नाही त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं होतं.

शिबिराच्या चौथ्या दिवशी गुडघा गेला. तू पत्रात लिहिलंस, कुणी धक्का दिला नाही, कुणी आडवं आलं नाही, चेंडू घ्यायला वळलो आणि पाय मागंच राहिला. पुढं ऑपरेशन झालं, त्या काळातलं. दोन सीझन तू ओढत खेळलास. मग क्लबनं मोकळं केलं आणि तू सव्विसाव्या वर्षी घरी आलास. एका शाळेत खेळाचा शिक्षक झालास. जिना चढताना डावा हात कठड्यावर ठेवायचास. मी मागून चढायचो आणि तो हात बघायचो.

एकदाही तू कुरकुर केली नाहीस, हे माझ्यासाठी सगळ्यात कठीण होतं. लोक म्हणायचे नशीब. तूही म्हणायचास नशीब. आणि मी मान हलवायचो.

सत्तरीला आलास तेव्हा तो गुडघा बदलायची वेळ आली. नव्या डॉक्टरांनी जुने कागद असतील तर आणा म्हणून सांगितलं. तू काही टाकून देणारा नव्हतास, हे मला माहीत होतं, पण ते मी मनातून पुसून टाकलं होतं. तू ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळं आणलंस. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डॉक्टर एकेक कागद उलटत होते. पिवळी पडलेली ती चिठ्ठी हातात आल्यावर ते म्हणाले, "अहो, यात तर स्पष्ट लिहिलंय, सहा महिने खेळ बंद, नाहीतर गुडघा जाईल. तुम्ही थांबला नाहीत का?"

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. डॉक्टरांना म्हणालास, नाही, थांबलो नाही. ते म्हणाले, का? तू म्हणालास, जवान होतो. एवढंच. मला तिथं वाचवलंस, परक्या माणसासमोर. मग रिक्षात बसल्यावर तू तोंड बाहेर केलंस आणि घर येईपर्यंत तसाच बसलास. उतरताना मी हात पुढं केला, तर रिक्षाचा दांडा धरून उतरलास.

आठ महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. ऑपरेशनला मी दवाखान्यात आलो तेव्हा नसीमभाभींनी सांगितलं की ते झोपलेत. दार अर्धं उघडं होतं. तू जागा होतास.

मग एका दुपारी तू काठी टेकत माझ्याकडं आलास. माझं घर दुसऱ्या मजल्यावर. नव्या गुडघ्यानं तू ते दोन जिने चढलास. पाणी प्यालास. मी बोलायला तोंड उघडलं तर हात वर केलास.

"तू ती ओळ वाचली असतीस तरी मी गेलो असतो," म्हणालास. "मला माहीतय मी गेलो असतो. पण तेव्हा मी गेलो असतो. हे असं तू पाठवलंस."

मी रडलो. माफी मागायला लागलो. तू म्हणालास, "मागू नको. मागितलीस तर मला द्यावी लागंल." मग चहा कर म्हणालास. मी केला. आपण प्यालो. तू उठलास आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा आलास.

लोकांना वाटलं आपलं मिटलं. मिटलं नव्हतं. त्यानंतर मी तुला काही सांगितलं, एवढ्या वाजता बस आहे, अमक्याचं लग्न ठरलं, तर तू हो म्हणायचास आणि नंतर दुसऱ्या कुणाला तरी सहज विचारून घ्यायचास. मला दिसू नये याची काळजी घ्यायचास. ती काळजी मला दिसायची. तरी येत राहिलास, त्यासाठी तुझे उपकार कोणत्या शब्दांत मानू ते मला अजून सुचलेलं नाही. एखाद्यावर विश्वास उरलेला नसताना त्याच्याकडं दर शुक्रवारी दोन जिने चढून जाणं, हे मला जमलं नसतं.

आणि मग हे शेवटचं. तुझ्या किडन्यांनी काम सोडलं. डॉक्टरांनी इम्रानला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की मशीनवर ठेवलं तर महिना, दीड महिना, त्याच्यापुढं सांगता येत नाही. इम्राननं माझे हात धरले. "चाचा, अब्बा को कुछ मत बोलो." तुझा मुलगा आहे, त्याचे डोळे खालांसारखे आहेत. मी त्याला हो म्हणालो.

आत आलो तर तू विचारलंस, काय म्हणाले डॉक्टर?

मी सगळं सांगितलं. महिना, दीड महिना, मशीनवर. मशीन नाही घेतलं तर आठवडा. तू माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलंस. नर्स तिथंच होती. तिला विचारशील असं मला वाटलं. तू विचारलं नाहीस. म्हणालास, "घरी चल." इम्रान आला तेव्हा तू त्यालाही तेच सांगितलंस, आणि तुझ्या आवाजावरून त्याला कळलं की मी बोललो.

सहा दिवस तू अंगणात उन्हात खाटेवर होतास. मी रोज यायचो. आपण काही मोठं बोललो नाही. नसीमभाभी भात भरवायच्या, तू दोन घास खायचास. एकदा तू म्हणालास की कलकत्त्याचा चिखल अजून पायाला लागल्यासारखा वाटतो. एकदा झोपेत मान वळवून मागं बघितलंस, दोनदा. मला उठून जावं लागलं. माफीचं मी काढलं नाही, तूही काढलं नाहीस. वेळ होता. दोघांनीही तो तसाच जाऊ दिला.

इम्रान माझ्याशी बोलत नाही. कब्रस्तानात त्यानं मला माती घालू दिली, पण बाजूला सरकून. परवा बाजारात समोर आला तेव्हा थांबला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "चाचा, आप चुप रहते तो अब्बा और एक महिना रहते." त्याचं खरं आहे, युसूफ. तो एक महिना त्याचा होता आणि माझ्या बोलण्यानं तो गेला. मी का गप्प राहू शकलो नाही, हे त्याला सांगायचं तर ती चिठ्ठी सांगावी लागेल, आणि ती तू घरात कुणाला सांगितली नव्हतीस. भाभींनाही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला होतास, कशाला, ते तुला घरात घेणार नाहीत.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाची तारीख माझ्या वहीत लिहून ठेवलीय. इम्राननं बोलावलेलं नाही आणि बोलावणारही नाही. मी येईन. दाराशी बसेन. त्यानं विचारलं तर सांगेन.